स्वयंपाकघरातली साक्ष

संदेश पाठवून झाल्यावर मार्तंडच्या लक्षात आलं की त्यात एक माणूस जास्त आहे. 'काल ॲम्प्लिफायरमध्ये नवा फ्यूज बसवला. घरात कोणाला काही सांगितलं नव्हतं. तोडीची रेकॉर्ड लावली, तर वैदेही स्वयंपाकघरातून म्हणाली, आज आवाज मोकळा वाटतोय.' गाणं ऐकायच्या यंत्रांचं वेड असलेल्यांच्या 'कानसेन' ग्रुपवर ही वाक्यं निमूट जाऊन बसली होती आणि त्यांच्याखाली एकेक अंगठा उगवायला लागला होता. फ्यूज खरा होता, तोडी खरी होती, स्वयंपाकघरही जागेवर होतं. फक्त वैदेही पुण्याला मुलाकडे, विहंगकडे होती, आणि तीही आजकालची नाही, मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीपासून. हे खोटं त्याने ठरवून लिहिलं नव्हतं. इतकी वर्षं असल्या बातमीचं शेवटचं वाक्य तेच असायचं, तेव्हा बोट सवयीने तिथपर्यंत चालत गेलं. पुसून टाकावं म्हणून त्याने संदेशावर बोट दाबून धरलं, तेवढ्यात उन्मेषचं उत्तर येऊन पडलं. 'वहिनी आल्या का गा? बोलला नाहीस. रविवारी सकाळी कामिनीले घेऊन येतो. वहिनी म्हणाल्या म्हणजे ऐकाच लागते.' आता पुसलं असतं तर पुसल्याची खूण राहिली असती, आणि खूण बघून चौकशा झाल्या असत्या. मार्तंडने मोबाइल पालथा ठेवला आणि तो कूलरची घरघर ऐकत बसून राहिला.

बाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. तो म्हणेल, फ्यूज बदलला, आवाज सुधारला असं वाटलं, तर तसं लिहा की सरळ. पण 'कानसेन'मध्ये स्वतःच्या कानाला किंमत नसते. ज्याने वस्तू मागवली, वाट पाहिली, कव्हर उघडून ती बसवली, त्याला फरक ऐकू येणारच. न येऊन सांगतो कोणाला. म्हणून साक्ष लागते ती अशा माणसाची, ज्याला काही बदललंय हेच माहीत नाही. असा माणूस घरात एकच असतो आणि तो स्वयंपाकघरात असतो. विदर्भातल्या झाडून साऱ्या कानसेनांच्या बायका कधी ना कधी हात पुसत बाहेर आलेल्या होत्या आणि 'आज काय बदललं?' असं विचारून गेल्या होत्या. लकडगंजातला चहाचा व्यापारी ओमप्रकाश, त्याची बायको त्याच्याशी धड दोन शब्द बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक. पण त्याने स्पीकरची केबल बदलली की तीही बोलते. त्या बायकांना कोणी कधी प्रत्यक्ष विचारलं नाही. विचारणं सभ्यपणाचं झालं नसतं. या साऱ्यांमध्ये वैदेहीच्या शब्दाला वजन जास्त, कारण ती क्वचित बोलायची आणि कौतुक करायची तर तेवढ्या एकाच शब्दात. मोकळा. बाकीच्यांच्या बायका हळूहळू जाणकार झाल्या, 'खर्ज भरीव झाला' वगैरे बोलायला लागल्या, तेव्हा मार्तंडला मनातून हसू यायचं. वैदेहीने तसलं सोंग कधी केलं नाही याचा त्याला अभिमान होता.

फ्यूज म्हणजे तरी काय, बोटाच्या पेरापेक्षा लहान नळी. जुना काचेचा होता, आतली तार दिसायची. नवा पांढऱ्या चिनी मातीचा, दोन्ही टोकांना सोन्याचा मुलामा, आत चांदीची तार आहे असं म्हणतात, आणि अंगावर एक बाण छापलेला. वीज कुठून कुठे जावी ते दाखवणारा बाण. उन्मेष वीज कंपनीतून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेला. त्याला या बाणाचा फोटो पाठवला तेव्हा त्याने लिहिलं होतं, 'आपल्या घरातली वीज सेकंदाला शंभर वेळा तोंड फिरवते. तिले बाण दाखवून काय करतो गा?' तरीही मार्तंडने फ्यूज बसवला त्या सकाळी कूलर बंद केला, पंखा बंद केला, फ्रिजचं बटणही बंद केलं आणि एप्रिलच्या उन्हात घाम पुसत तो खुर्चीत डोळे मिटून बसला. रेकॉर्डवरच्या गाणाऱ्या बाईंचा पहिला षड्ज लागला आणि त्याला वाटलं, हो, आहे, काहीतरी आहे, आवाजाच्या पाठीमागे जरा जागा झाल्यासारखी वाटते. मग त्याने फ्यूज उलटा करून बसवला आणि पुन्हा तोच षड्ज ऐकला, तेव्हाही जागा होती. मग जुना लावून पाहिला. जागा होतीच, की नव्हती, की मघाचीच आठवत होती, हे त्याला सांगता येईना. कानातून काही हाती लागेना तेव्हा त्याने डोळे उघडून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. आतल्या ओट्याचा कोपरा दिसत होता आणि त्यावर सकाळचा उपडा घातलेला एकुलता कप. त्या क्षणी त्याला जे वाटलं ते एकटेपण होतं. त्याला दुसरं नाव देण्यात अर्थ नव्हता, तरी तो दुपारभर देत राहिला. उकाडा म्हणाला, वय म्हणाला, फ्यूज अजून मुरायचा आहे म्हणाला. लोणच्यासारखे हे फ्यूजही मुरावे लागतात असा ग्रुपवर समज होता.

वैदेही गेली ती सुनेच्या बाळंतपणासाठी. नात झाली, बारसं झालं. बारशाला मार्तंडही जाऊन आला, आणि परतीच्या गाडीत त्याच्या शेजारची जागा रिकामी होती याचं त्या वेळी कोणालाच काही वाटलं नाही. मग सून कामावर रुजू झाली, मग नातीला दात आले, मग पुण्याची थंडी, मग नातीची सर्दी. दर खेपेला कारण होतं आणि दर खेपेला ते खरं होतं. 'पुढच्या महिन्यात बघू,' वैदेही म्हणायची आणि मार्तंड 'बघ तुझ्या सोयीनं' म्हणायचा. यात समंजसपणा आहे असं त्याला बरेच दिवस वाटत राहिलं. कधी येतेस, असं त्याने एकदाही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर येईल, आणि उत्तर आलं की मग ते घरात राहायला लागेल, ही भीती होती, आणि ती आपल्याला आहे हे त्याला माहीत होतं. भांडण तर कधीच झालं नव्हतं. वैदेही भांडणाऱ्यांतली नाहीच. फक्त एकदा, मागच्या की त्याच्या मागच्या मे महिन्यात, त्याने गाणं ऐकायचं म्हणून कूलर बंद केला तेव्हा ती पोळ्या लाटता लाटता बाहेर आली होती. कपाळावरचा घाम भुवयांत उतरला होता. ती म्हणाली, "किती वेळ?" तो म्हणाला, "दोन्ही बाजू." ती आत गेली. रेकॉर्ड संपल्यावर त्याने आपणहून कूलर लावला आणि स्वयंपाकघराचं दार वाऱ्यासाठी पूर्ण उघडलं, तोवर पोळ्या होऊन गेल्या होत्या. पुण्याच्या फोनवर ती हवेबद्दल फार बोलते. इथं पंखासुद्धा लागत नाही रात्रीचा, म्हणते.

संदेश पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या डोक्यात एक कल्पना आली. साक्षीदार नाही तर नाही, आपणच साक्षीदार व्हावं. त्याने पाठीमागे हात घालून, न बघता, दोन फ्यूजांपैकी हाताला येईल तो बसवला, रेकॉर्ड लावली आणि तो स्वयंपाकघरात जाऊन सिंकपाशी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काही माहीत नसलेल्या माणसासारखं व्हायचं होतं. त्यासाठी त्याने दोन वाट्या विसळल्या, कोथिंबिरीची जुडी निवडायला घेतली. आणि मग त्याला धक्का बसला, कारण इथं गाणं ऐकूच येत नव्हतं. म्हणजे येत होतं, पण ते त्याचं गाणं नव्हतं. ज्या स्पीकरसाठी लकडगंजात सागाच्या फळ्या ठोकून ठोकून निवडल्या होत्या, जे खोलीत बोटाबोटाने सरकवून जागेवर बसवले होते, त्यांच्यातून निघालेला आवाज भिंतीला धडकून, जेवणाच्या टेबलाला वळसा घालून इथवर येईतो त्याचं नुसतं गुणगुणणं उरलेलं होतं. बाईंचे शब्द गेलेले, ताना गेलेल्या, तंबोरा फ्रिजच्या घरघरीत मिसळलेला. राहिला होता तबल्याचा डग्गा तेवढा, शेजारी कोणी उखळात कांडत असल्यासारखा. इतक्या वर्षांत आपलं गाणं इथून कसं ऐकू येतं हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं. वैदेहीच्या वाट्याला गाण्याची ही पाठच तेवढी आली होती, आणि ती मोकळा म्हणायची. यातून तिला फ्यूज, केबल, सुई, सगळं कसं कळायचं? तिचे कान आपल्यापेक्षा तयार असले पाहिजेत, असं त्याने ठरवून टाकलं. नाही तर दुसरा अर्थ निघत होता आणि तो त्याला नको होता. कोथिंबिरीची पानं कचऱ्यात आणि काड्या ताटलीत पडल्याचं त्याला नंतर दिसलं.

शनिवारी त्याने पुण्याला फोन लावला. सांगून टाकायचं होतं, की असं असं लिहून बसलो, उन्मेष-कामिनी येताहेत, काय करू सांग. आणि त्याच दमात विचारायचंही होतं, येतेस का म्हणून. वैदेहीने उचलला तेव्हा मागे नात रडत होती. "जेवलात?" तिने विचारलं. तो म्हणाला, "जेवलो." "काय केलं होतंत?" "वरणभात." "उन्हात फिरू नका फार." तो म्हणाला, "वैदेही," आणि थांबला. ती म्हणाली, "हं?" त्या 'हं'मध्ये घाई नव्हती. ती पदराला हात पुसून उभी राहिली असावी, असं त्याला दिसलंच. पण तोंडून निघालं ते भलतंच, "कूलरचे वाळ्याचे पडदे बदलायला आलेत." "बदलून घ्या मग," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर आपण बावळट आहोत असं तो मोठ्याने म्हणाला. घरात कोणी नव्हतं, म्हणून दोनदा म्हणाला.

रविवारी दोघं आले. उन्मेष मूळचा पारशिवनीकडचा, उंच, आवाजाने खोली भरून टाकणारा. कामिनी हातात कोथिंबिरीच्या सांबारवडीचा डबा आणि एक रिकामी कापडी पिशवी घेऊन त्याच्यामागे. "वहिनी कुठं गेल्या?" उन्मेषने चपला काढता काढताच विचारलं. उत्तर तयार होतं. मार्तंडने ते आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं. "खाली देवळात गेलीय. येईल." कामिनीने त्याच्याकडे पाहिलं, जरा जास्त वेळ पाहिलं. "येतील सावकाश," ती म्हणाली. "तुमचं तुम्ही लावा. मी वड्या गरम करते." आणि ती सरळ आत गेली. वहिनी म्हणून हाक मारली नाही, कधी आल्या म्हणून विचारलं नाही. याचं मार्तंडला बरं वाटलं आणि नंतर नवल वाटलं.

"हे पाह्य मार्तंड, मी सांगून ठेवतो," उन्मेष सोफ्यावर पसरत म्हणाला. "वीज कोराडीच्या पॉवर हाऊसमधून निघते. टॉवर, डीपी, खांब, तुमच्या बिल्डिंगची जळकी वायर, एवढं सगळं फिरून येते. त्या शेवटच्या इंचाले सोन्याची टोपी घालून काय होते? तू म्हणशील तर मी मानणार नाही. वहिनी म्हणाल्या म्हणून आलो."

"ऐक तर," मार्तंड म्हणाला. त्याने कूलर बंद केला, पंखा बंद केला आणि सुई टेकवली.

उन्मेषने डोळे मिटले. मार्तंडनेही मिटले, पण त्याचं लक्ष समोर नव्हतं. आत नळ सुटला, बंद झाला. डब्याचं झाकण ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. तवा आला. मग स्टूल ओढल्याचा, वरचं कपाट उघडल्याचा. गाण्याच्या पाठीमागे कोणीतरी वावरत होतं, आणि बाईंचा षड्ज त्या वावरण्यावर असा येऊन बसला की मार्तंडने डोळे उघडले. आवाज सुधारला होता. खरोखर सुधारला होता, शंकाच नव्हती. कित्येक महिन्यांत ही खोली अशी वाजली नव्हती. यात कुठला फ्यूज आहे हे त्याला आठवेना आणि त्याची गरजही वाटेना. घरात माणूस हवं होतं, एवढंच होतं ते. तो उठला. काय करतोय हे त्याला कळत नव्हतं, पाय आपोआप गेले. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो म्हणाला, "जरा पाणी."

कामिनीने पेला भरून दिला. तो हातात धरून तो तसाच उभा राहिला. तिने तव्यावरची वडी उलटली आणि मागे न बघताच म्हणाली, "आज आवाज मोकळा वाटून राहिला, भाऊजी."

मार्तंडला क्षणभर आपण कुठे उभे आहोत ते कळेना. "ग्रुपवरचं उन्मेषने वाचून दाखवलं वाटतं," तो म्हणाला.

"त्यांनी दाखवलं. पण असं म्हणून दे, हे मले वहिनींनीच सांगितलं." कामिनीने गॅस बारीक केला. आता ती वळली. "काल फोन केला होता मी वहिनीले. इतक्या दिवसांनी आल्या, काय आणू म्हणून विचारावं. तर त्या पुण्यातच."

मार्तंडने पेला दुसऱ्या हातात घेतला.

"रागावल्या नाहीत, भाऊजी. हसल्या. म्हणाल्या, त्यातलं मले काही समजत नाही, कधी समजलंही नाही. पण यांनी काही नवं लावलं की हे दारात येतात, पाणी मागतात, अन् पाणी न पिता उभे राहतात. तेव्हा मोकळा वाटते म्हणायचं. मग जाऊन बसतात. तुझ्याकडे आले तर तू म्हणून दे, म्हणाल्या."

मार्तंडने पेल्याकडे पाहिलं. तो काठोकाठ भरलेला होता. "नेहमीच?" त्याने विचारलं.

"नेहमीच म्हणाल्या."

बाहेर तोडी मध्यावर आली होती. इथून तिचा डग्गाच ऐकू येत होता. म्हणजे वैदेही ऐकत होती ते गाणं नव्हतंच, त्याला वाटलं, ती मला ऐकत होती. आणि त्याला राग आला नाही, लाजही फार वाटली नाही. इतके जपले गेलो आणि पत्ता लागला नाही, याचं दुःख झालं, साधं आणि जड. मग त्याने तो प्रश्न विचारला जो पुण्याला विचारायचा होता. विचारला तो भलत्याच बाईला. "यायचं काही म्हणाली का?"

कामिनी बाजूला सरकली. ओट्याच्या टोकाला तिची कापडी पिशवी उभी होती. रिकामी आलेली पिशवी आता भरली होती आणि तिच्या तोंडातून पितळी मूठ बाहेर आलेली होती. "हे पाठवाले सांगितलं," ती हळू म्हणाली. "माझा भाचा बुधवारी पुण्याले चालला. अक्षयतृतीयेले पुरण घालायचं म्हणे तिकडं."

पुरणयंत्र. वैदेहीच्या आईने दिलेलं. दुसऱ्याच्या घरचं पुरण तिला कधी पटलं नाही. कुठेही गेली तरी सणाच्या आदल्या दिवशी ती घरी परतायची, आणि का परतलीस म्हटलं तर म्हणायची, माझं यंत्र तिथं आहे ना. पाहुणी म्हणून गेलेली बाई पुरणयंत्र मागवून घेत नाही. हे कामिनीला समजत होतं, म्हणून ती त्याच्याकडे न बघता तव्याकडे बघत होती. वैदेहीने उत्तर पाठवलं होतं. त्याने प्रश्न विचारायच्या आधीच पाठवलं होतं, तेही कोणाचा अपमान होणार नाही अशा बेताने.

"बारीक जाळी सापडली नाही," कामिनी म्हणाली. "मोठीच आहे आत."

ती जाळी कुठे आहे हे त्याला माहीत होतं. तो आपल्या अवजारांच्या खणाशी गेला. केबलला कथलाचा डाग देताना तापलेली सोल्डरिंग आयर्न टेकवायला त्याने ती कधीतरी उचलून आणली होती, आणि वैदेहीने बरेच सण मोठ्या जाळीवर भागवले असणार, न विचारता. जाळीवर कथलाचे दोन राखाडी थेंब गोठले होते. त्याने ते नखाने खरवडून काढले, राख लावून जाळी घासली, धुतली, स्वच्छ पंच्याने पुसली आणि भोकं उजेडात धरून पाहिली. मग पिशवीत यंत्राच्या बाजूला ती उभी सरकवून ठेवली. "तिला सांगा, धुतलेली आहे," तो म्हणाला. कामिनीने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, आणि ते तव्याच्या धुराने नव्हते.

तो बाहेर आला तेव्हा उन्मेष ताठ बसला होता. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि चेहऱ्यावर मात्र एखाद्याला देव भेटावा तसा आनंद. गाणं द्रुत लयीत शिरलं होतं, खोली दणाणत होती. "मार्तंड," तो त्या आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "फरक आहे गा. मी मानत नव्हतो, पण आहे. मागे जागा झाली ना आवाजाले? वहिनीच्या कानाले मानलं. येऊ दे त्याईले वर, मी पाया पडतो आज."

"ती पुण्याला आहे," मार्तंड म्हणाला. "ती इथं परत येणार नाहीये."

उन्मेषने हसत हसत कानामागे हात धरला. मग मार्तंडचा चेहरा पाहून तो उठला, मशीनपाशी जाऊन त्याने आवाजाचं बटण फिरवत फिरवत पार खाली आणलं आणि विचारलं, "काय म्हणाला?" आणि मार्तंडला ते शांत खोलीत पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागलं.